घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क कशी निवडायची: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला निघायच्या आधी

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येईल असा डिस्कचा डबा. तो कुठला घ्यायचा यावर लोक महिना महिना डोकं लावतात, सिनॉलॉजी की क्यूनॅप की जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे सॉफ्टवेअर टाकू, आणि एकदा डबा ठरला की आत डिस्क मात्र दुकानदार देईल ती. माझ्या मते उलटं करायला हवं. डबा बिघडला तर दुसरा आणता येतो, फोटो असतात ते डिस्कवर.

आणि एक गोष्ट आधीच मान्य करून टाका, कंपनी कुठलीही असो, डिस्क कधी ना कधी जाणार. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन क्लाउड कंपनी २०१३ पासूनचे आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते, त्यांच्याकडे लाखो डिस्क चालतात, आणि २०२४ साली त्यातल्या दीड टक्क्याच्या आसपास बंद पडल्या. दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तुमच्याकडे ४ डिस्क ५ वर्षं चालल्या तर त्यातली एक तरी जाण्याची शक्यता साधारण चारात एक निघते, आणि त्यांचं डेटा सेंटर एसीत असतं, आपला नॅस हॉलमध्ये टीव्हीखाली. म्हणून "कुठली डिस्क जात नाही" हे विचारत बसण्यापेक्षा "गेली त्या दिवशी मला किती त्रास होईल" हे विचारा. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी किती जागा लागणार ते काढा

आत्ता जे काही आहे ते मोजा. सगळ्यांचे फोन, जुने लॅपटॉप, ड्रॉवरमधले पेनड्राइव्ह, लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेली डिस्क. मग गेल्या एका वर्षात किती वाढलं ते बघा. फोटोंनी फारसं भरत नाही, एक फोटो ३-५ एमबीचा, जागा खातात ते व्हिडिओ. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला १७० एमबीच्या आसपास जातो, म्हणजे गॅदरिंगचा एक तास शूट केला तर १० जीबी गेले, आणि शाळेच्या गॅदरिंगला एक तासात कोण थांबतंय. जुन्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड होत असेल तर त्याच्या दुप्पट धरा.

आत्ताचा डेटा अधिक पाच वर्षांची वाढ, त्यावर पंचवीस टक्के मोकळी जागा. एवढी जागा तुम्हाला वापरायला मिळाली पाहिजे, विकत किती घ्यायची ते वेगळं. ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरला ३.६ च्या आसपास दिसते कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, यात कोणी फसवत नाहीये. दोन डिस्क मिरर केल्या, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं, तर एकीचीच जागा मिळते. रेड म्हणजे डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं, मिरर हा त्यातलाच एक प्रकार. चार डिस्कचं रेड ५ (एक गेली तरी चालतं) केलं तर तिघींची जागा मिळते, रेड ६ (दोन गेल्या तरी चालतं) केलं तर दोघींची.

आता पैशांचं. दुकानात लोक दोन डिस्कचं बजेट घेऊन जातात आणि त्यात बसेल तेवढी मोठी साइज उचलतात. मी सांगेन त्याच बजेटमध्ये तीन बसवा. समजा ८ टीबीच्या दोन घ्यायला निघालात आणि डेटा आहे दीड टीबी, तर ४-४ च्या दोन नॅसमध्ये टाका आणि उरलेल्या पैशात एक बाहेरची डिस्क बॅकअपला घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं आणि तरी तिसरी डिस्क "नंतर घेऊ" म्हणून राहते. मिररमध्ये तुम्ही चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो, रॅन्समवेअर आला तर दोन्हीवर येतो, चोर आला तर अख्खा डबा घेऊन जातो.

भाव मी लिहीत नाही, आज लिहिला तर पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. तीन-चार साइजचे भाव घ्या आणि प्रत्येकाला टीबीने भागा. अगदी छोट्या साइज टीबीमागे महाग पडतात, अगदी मोठ्या पण पडतात, मध्ये कुठेतरी स्वस्तातली जागा असते ती त्या आठवड्यात कुठे आहे ते बघायचं.

सीएमआर की एसएमआर, खरी ग्यानबाची मेख इथे आहे

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

डिस्कच्या तबकडीवर डेटा ट्रॅकमध्ये लिहिला जातो. साध्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, ट्रॅक शेजारी शेजारी पण वेगवेगळे असतात. एसएमआरमध्ये कमी जागेत जास्त बसवायला एका ट्रॅकवर दुसरा थोडा चढवतात, कोकणातल्या घराच्या छपरावर मंगलोरी कौलं एकावर एक बसवलेली असतात तसं. कौलं बघायला, म्हणजे वाचायला, काही अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की त्याच्यावर चढलेली ओळ उचलावी लागते, मग परत बसवावी लागते. एसएमआर डिस्कला एक छोटी फाइल बदलायची असली तरी त्या पट्ट्यातलं बरंच काही पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात हे लक्षात येत नाही कारण डिस्क आधी एका राखीव भागात पटकन लिहून घेते आणि आपण झोपलो की सावकाश जागेवर लावते. तो राखीव भाग भरला की मात्र स्पीड धाडकन खाली येतो.

आता विचार करा, नॅसमधली एक डिस्क गेली, तुम्ही नवी लावली, रिबिल्ड सुरू झालं. रिबिल्ड म्हणजे काय तर नव्या डिस्कवर न थांबता अख्खी डिस्क भरेपर्यंत लिहिणं. एसएमआरला नेमकं हेच जमत नाही. सीएमआरवर जे काम एका दिवसात संपलं असतं ते कित्येक दिवस चालतं, मध्येच डिस्कने उत्तर द्यायला उशीर केला तर नॅस समजतो ही पण मेली आणि तिला बाहेर काढतो. झेडएफएस, म्हणजे ट्रूनॅसची फाइल सिस्टिम, वापरणाऱ्यांचे यात जास्त हाल होतात. आणि हे सगळं कधी, तर जेव्हा तुमच्याकडे एकच चांगली कॉपी उरलेली असते तेव्हा.

२०२० च्या एप्रिलमध्ये यावरून मोठा गोंधळ झाला होता. वेस्टर्न डिजिटलची (डब्ल्यूडीची) रेड (लाल या अर्थाचं नाव, वरच्या रेड ५ शी संबंध नाही) ही खास नॅससाठी म्हणून विकली जाणारी डिस्क, आणि त्यातल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेल एसएमआर आहेत हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोकांची रिबिल्ड फसायला लागली, बोंबाबोंब झाली, मग कंपनीने यादी जाहीर केली आणि पुढे नावं वेगळी केली. आज साधी रेड म्हणजे एसएमआर, रेड प्लस आणि रेड प्रो म्हणजे सीएमआर. जुना माल अजून कुठे कुठे फिरत असतो म्हणून नंबर लक्षात ठेवा, २, ३, ४ आणि ६ टीबीमध्ये शेवटी ईएफएएक्स असेल तर एसएमआर, ईएफआरएक्स असेल तर सीएमआर. दुकानदाराने "रेड है साब, नॅस का ही है" म्हणून काही ठरत नाही, अख्खा मॉडेल नंबर वाचायचा.

सीगेटमध्ये आयर्नवुल्फ आणि आयर्नवुल्फ प्रो दोन्ही सीएमआर. बाराकुडा ही डेस्कटॉपची, तिच्या २, ४ आणि ८ टीबीच्या एसएमआर मॉडेल सर्रास मिळतात, नॅसमध्ये नको. तोशिबाची एन३०० सीएमआर आहे, मुंबईत कमी दुकानांत दिसते पण मिळाली आणि भाव बरा असला तर बिनधास्त घ्या. शंका आली तर कंपनीच्या साइटवर मॉडेलप्रमाणे तक्ता असतो, दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघता येतो, लाजायचं नाही.

लॅपटॉपच्या साइजच्या, म्हणजे अडीच इंची डिस्क नॅसला घेऊच नका, मोठ्या क्षमतेच्या जवळपास सगळ्या एसएमआर असतात. पण एसएमआर म्हणजे टाकाऊ असंही नाही हां. महिन्यातून दोनदा लावून बॅकअप घ्यायचा आणि कपाटात ठेवायची, त्या कामाला ती अगदी ठीक आहे आणि स्वस्त पडते. तिसरी डिस्क तीच घ्या.

मग डेस्कटॉपची सीएमआर डिस्क मिळाली तर?

चालेल का, तर चालते, पण एक फरक आहे. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डेस्कटॉपची डिस्क परत परत प्रयत्न करत बसते, कधी मिनिटभर, कारण तिला माहीत असतं की दुसरी कॉपी नाही. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि सांगते, मला जमत नाही, दुसऱ्या डिस्कवरून घे. अनेक डिस्क जोडलेल्या असताना दुसरं वागणं बरोबर, पहिल्यामुळे चांगली डिस्कसुद्धा विनाकारण बाहेर फेकली जाते.

सीसीटीव्हीच्या डिस्क, स्कायहॉक आणि पर्पल, दुकानदार आग्रहाने देतात कारण सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांमुळे त्यांचा स्टॉक कायम असतो. सतत एका लयीत लिहीत राहणं यासाठी त्या ट्यून केलेल्या असतात. दुसरं काहीच मिळालं नाही तर घ्या, भाव जवळपास सारखा असेल तर नॅसवालीच.

प्रो आणि एक्सॉसची (सीगेटची सर्व्हरसाठीची डिस्क) गरज आहे का? आयर्नवुल्फ आणि रेड प्लस या ८ बेपर्यंतच्या (बे म्हणजे डिस्क बसवायचा खण) नॅससाठी बनवलेल्या आहेत, वर्षाला १८० टीबीचं काम धरून, ३ वर्षं वॉरंटी. घरात वर्षाला १८० टीबी कोण लिहितं-वाचतं, रोजचे जवळजवळ ५०० जीबी झाले ते. प्रोमध्ये खरा फायदा ५ वर्षांच्या वॉरंटीचा. फरक थोडा असेल तर द्या, दीडपट असेल तर नको, ते पैसे बॅकअपमध्ये घाला.

आवाज, उकाडा आणि आपली वन बीएचके

परदेशातले लोक नॅस बेसमेंटमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये ठेवतात म्हणून त्यांच्या रिव्ह्यूमध्ये आवाजाचा विषय एका ओळीत संपतो. आपल्याकडे हॉलमध्ये नॅस आणि त्याच हॉलमध्ये रात्री गादी घालून आजी झोपते. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या फिरणारी, डिस्क रात्री दोनला सुरू झालेल्या स्क्रबमध्ये (नॅस सगळा डेटा वाचून चुका तपासतो तेव्हा) जी खडखड करते ती बंद दाराआडून पण ऐकू येते. म्हणून जमलं तर ५४०० च्या आसपासची घ्या, आयर्नवुल्फच्या आणि रेड प्लसच्या ४ टीबीसारख्या लहान साइजमध्ये ती मिळते, १० टीबीपासून वर जवळपास सगळ्या ७२०० च्या. एक्सॉस टीबीमागे कधी कधी स्वस्त पडते तेव्हा मोह होतो, पण ती सर्व्हर रूमसाठी बनवलेली आहे, झोपायच्या खोलीत आणू नका. डब्ल्यूडीच्या काही मोठ्या डिस्क दर ५ सेकंदांनी हलकासा टक् आवाज करतात, तो बिघाड नसतो, पण एकदा कानात बसला की जात नाही.

आणि स्पीडचं म्हणाल तर घरचं नेटवर्क एक गिगाबिटचं असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या पुढे काही जात नाही, ५४०० वाली तेवढं आरामात देते, वायफायवर तर सोडाच. जास्त आरपीएमचे पैसे वायरमध्येच अडकतात.

उष्णतेचं बघू. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये सगळे ऑफिसला गेल्यावर बंद फ्लॅटमध्ये दुपारी ३४-३५ डिग्री सहज होतं. डिस्क खोलीपेक्षा १०-१२ डिग्री गरम चालते. कंपनी कागदावर ६०-६५ पर्यंत चालेल म्हणते, मी ४५ च्या वर गेली की पंख्याचा स्पीड वाढवतो. नॅस माळ्यावर नको, बंद टीव्ही युनिटमध्ये नको, फ्रिजच्या मागे तर नकोच. मागे चार बोटं मोकळी ठेवा आणि जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा काढा, आजूबाजूला रीडेव्हलपमेंट चालू असेल तर आठवड्याला.

पावसाळ्यात चालू डिस्कला दमटपणाचा फार त्रास होत नाही, ती स्वतःच गरम असते. त्रास होतो कपाटात पडलेल्या स्पेअरला आणि बॅकअपच्या डिस्कला. झिपलॉकमध्ये सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आणि जुलैमध्ये एसी दुकानातून थंडगार डिस्क आणली तर पिशवी लगेच फोडू नका, बंद पिशवीतच तास-दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर बाहेरची दमट हवा तिच्यावर पाण्यासारखी बसते.

तळमजल्यावर किंवा चाळीत राहत असाल तर नॅस जमिनीवर कधीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, ज्यांच्या घरात कमरेपर्यंत पाणी आलं त्यांना हे सांगायला नको. बाय द वे, पूर आणि हार्ड डिस्क यांचं जुनं वैर आहे, २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथल्या डिस्कच्या फॅक्टऱ्या पाण्याखाली गेल्या आणि इथे लॅमिंग्टन रोडला पण भाव चढले.

विजेचं बिल लोक उगाच घाबरून विचारतात. दोन बेचा नॅस डिस्क धरून २० वॉट पकडा, २४ तास चालला तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात. तुमचं बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडचं महावितरण, आपल्या स्लॅबने गुणून बघा, एक वडापाव पार्टीच्या पुढे जात नाही. यूपीएस मात्र हवाच. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आठवतं ना, आणि एरवी पण सोसायटीत लिफ्टचं काम निघालं की मेन स्विच खाली. घेताना एकच बघा, मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे का. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना नसतो, मग वीज गेल्याचं नॅसला कळतच नाही आणि बॅटरी संपली की तो धाडकन बंद पडतो.

खरेदी

ग्रँट रोडला ईस्टला उतरा, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसेल, तोच आपला लॅमिंग्टन रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आधी दोन-तीन ठिकाणी नुसता भाव विचारा, आणि विचारताना पूर्ण मॉडेल नंबर सांगा, "चार टीबी नॅस डिस्क" म्हटलंत की काहीही हातात येईल.

पैसे द्यायच्या आधी डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर वॉरंटी चेकमध्ये टाका. तारीख येते, कुठल्या देशाची वॉरंटी ते पण कळतं. बाहेरून आलेला माल स्वस्त मिळतो पण इथल्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले तर करायचं काय. काही डिस्क कॉम्प्युटर कंपन्यांना घाऊक दिलेल्या असतात, त्यांच्या सीरियलला "विक्रेत्याशी संपर्क करा" असं उत्तर येतं, म्हणजे कंपनीची वॉरंटी शून्य. "दुकान का वॉरंटी है, एक साल" या वाक्याला तेवढीच किंमत द्या जेवढी त्या दुकानाच्या पुढच्या वर्षी तिथे असण्याला द्याल. बिल जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर लिहिलेला पाहिजे. बिलाशिवाय १८ टक्के वाचतात खरे, पण तीन वर्षांच्या वॉरंटीचा दावा मग कुठल्या कागदावर करणार?

ऑनलाइन घेताना विक्रेता कोण ते बघा, साइटचं नाव बघून भागत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. डिस्क सीलबंद अँटीस्टॅटिक पिशवीत आणि दोन्ही बाजूंनी नीट आधार दिलेल्या खोक्यात यायला हवी, मोठ्या बॉक्समध्ये एका बबल रॅपमध्ये गडगडत आली असेल तर चालू करूनसुद्धा बघू नका, परत करा.

रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेला) आणि पुल्ड (जुन्या मशीनमधून काढलेला) माल. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत एक प्रकरण बाहेर आलं, नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या, चिया नावाच्या कॉइनच्या मायनिंगमधून निघालेल्या असाव्यात असा संशय, आणि त्यांचे स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास पुसून शून्य केलेले. पकडल्या कशा, तर सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तो पुसायचं राहिलं होतं. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ आणि पुढच्या व्हर्जनमध्ये तो वाचता येतो. नवीन सीगेट घेतली की दोन्हीकडचे तास जुळतात का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. वापरलेली डिस्क माहीत असून, स्वस्तात, बॅकअपसाठी घेतली तर हरकत नाही. मुख्य नॅसमध्ये नको.

दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच बॅचच्या घेऊ नका. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या, तेवढंच काम केलेल्या डिस्क मागेपुढे जायची शक्यता असते. मी सरळ एक सीगेट आणि एक डब्ल्यूडी सुचवतो, त्याच साइजची, मिररला काही फरक पडत नाही.

आणि नॅसच्या कंपनीची कम्पॅटिबिलिटी लिस्ट बघून घ्या. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलना आपल्याच ब्रँडच्या डिस्क सक्तीच्या केल्या होत्या, लोकांनी इतका शिमगा केला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपली नॅस सिस्टिम डीएसएम ७.३ आणताना त्यांना ते मागे घ्यावं लागलं. तुमच्याकडे असलं मॉडेल असेल तर आधी अपडेट करा.

घरी आणल्यावर लगेच डेटा टाकू नका

नवी डिस्क बिघडायची असेल तर बऱ्याचदा सुरुवातीलाच बिघडते. म्हणून रिटर्नची मुदत चालू आहे तोवर तिला राबवून घ्या. आधी स्मार्ट रिपोर्ट बघा, पॉवर ऑन तास शून्याच्या आसपास हवेत. मग एक्स्टेंडेड टेस्ट लावा, सिनॉलॉजीत स्टोरेज मॅनेजरमधूनच होते, ८ टीबीला अर्धा दिवस नाहीतर जास्त लागतो. जुना पीसी आणि लिनक्स असेल तर त्यापुढे बॅडब्लॉक्स हा प्रोग्राम लिहिण्याच्या मोडमध्ये चालवा, ते अख्खी डिस्क चार वेळा लिहून चार वेळा वाचतं, मोठ्या डिस्कला चार-पाच दिवस पण लागतात, आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जातं म्हणून कुठल्या डिस्कवर चालवतोय ते दोनदा बघा. डिस्कवर पंख्याचा वारा असू दे.

सगळं झाल्यावर स्मार्टमध्ये तीन नंबर बघायचे, ५, १९७ आणि १९८. पाच म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. एक जरी असला तरी परत, "दोन-चार तो चलता है" ऐकायचं नाही. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टरचा दोष असतो, डिस्कला शिव्या घालायच्या आधी केबल बदला.

डिस्क बसवताना एक काम करा जे कोणी करत नाही. प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून त्या बेच्या दारावर चिकटवा. एक डिस्क गेली आणि घाईत चांगली बाहेर ओढली असं होऊ नये.

दोन बे असतील तर मिरर किंवा सिनॉलॉजीचं एसएचआर (त्यांचा स्वतःचा रेडचा प्रकार), फार विचार नको. चार बे आणि ८ टीबी किंवा मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ५ करणार नाही, रेड ६ करेन. सेकंदाला १५० एमबीने ८ टीबी लिहायला सगळं सुरळीत चाललं तरी पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्या डिस्क जीव तोडून वाचत असतात. बऱ्याच डिस्कच्या कागदावर न वाचता येणाऱ्या चुकीचा दर १०च्या १४व्या घाताइतक्या बिटांमागे एक असा दिलेला असतो, म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क याच्यापेक्षा बरीच चांगली वागते, पण हा जुगार नेमका वाईट दिवशी खेळायचा असतो.

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येणार नाही असं कुलूप, पहिल्याच दिवशी चालू करा, आणि त्याची की (किल्ली) डब्याच्या बाहेर ठेवा. कारण पुढे सांगतो.

शॉर्ट टेस्ट आठवड्याला, एक्स्टेंडेड महिन्याला, स्क्रब दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि आजी हॉलमध्ये झोपत असेल तर दुपारी. ईमेल अलर्ट चालू आहेत का ते टेस्ट मेल पाठवून बघा. डिस्क गेल्याचं महिन्याभराने कळलं तर मिररचा उपयोग काय. तिसरी डिस्क, बॅकअपवाली, महिन्यातून दोनदा लावून कॉपी घ्यायची आणि शक्यतो दुसऱ्या घरी ठेवायची, बहीण डोंबिवलीला असेल तर तिच्याकडे, गणपती-दिवाळीला अदलाबदल करायला दोन घ्या. सहा महिन्यांतून एकदा त्यातली पाच-दहा फाइल उघडून बघा.

गेली, आता काय

अलर्ट आला की डब्याला हात लावायच्या आधी बॅकअप कधीचा आहे ते बघा, जुना असेल तर आधी नवा घ्या, डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी असलेल्या अवस्थेत पण वाचता येतं. मग चिकटवलेला नंबर बघून तीच डिस्क काढा, नवी लावा, रिबिल्ड सुरू करा आणि संपेपर्यंत त्यावर दुसरं काही चालवू नका, पिक्चर बघणं पण नाही. नवी डिस्क त्याच साइजची किंवा मोठी हवी, आणि परत सीएमआर आहे का ते बघा, घाईत लोक इथेच बाराकुडा उचलून आणतात.

वॉरंटीत पाठवली तर बदली डिस्क बहुतेक वेळा रिफर्बिश्ड येते आणि तुमची जुनी परत येत नाही. मेलेली डिस्क पुसता येत नाही, म्हणून एन्क्रिप्शन. ते केलेलं नसेल आणि आत बँकेचे कागद, आधारच्या कॉप्या असतील तर वॉरंटी सोडून द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी सोडून देईन. वॉरंटी संपलेली असेल तर भंगारवाल्याला तशीच देऊ नका, आधी तबकड्यांची वाट लावा. ड्रिलने आरपार चार भोकं पाडली तरी पुरे, फक्त डोळ्यांना चष्मा लावा, काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि त्या फुटतात. मग ई-कचऱ्यात.